शाळा सोडण्याचे कारण

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा काही भाग)

मी खेड्यातल्या हायस्कूलमध्ये तेहतीस वर्षं शिकवलं. २०१५ साली शाळेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, त्यात काय अवघड? देणगीदारांचा फलक आहे, उतरवून काढू. फलकावर एकतीस नावं. बाईचं एकही नाही.

गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं. पाया भरताना ओढ्यावरून पाण्याच्या खेपा त्यांनीच घातल्या होत्या. सुगीत घरटी पायलीभर जोंधळाही दिला होता. पावती मात्र घरधन्याच्या नावानं फाटली.

हे काही आमच्याच गावात घडलं असं नाही. खेड्यापाड्यांत हायस्कुलं नेण्यात रयत शिक्षण संस्थेचा मोठा वाटा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथं ती स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांना रांधून घालत. धान्य संपलं की अंगावरचे दागिने काढून देत. शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपण त्यांना माउली म्हणून हात जोडतो, पण संस्था उभारणाऱ्यांत त्यांना किती जण मोजतात?

असो. फलक बाजूला ठेवला आणि मी शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं. खरा इतिहास तिथं होता. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं, 'शाळा सोडण्याचे कारण'. मुलांच्या नावापुढे 'दहावी उत्तीर्ण', 'परगावी गेल्याने'. मुलींच्या नावांपुढे पानोपानी दोनच कारणं: 'सतत गैरहजर' आणि 'पालकांची इच्छा'. 'लग्न' हा शब्द मला कुठंच सापडला नाही.

एका पानावर माझंच अक्षर होतं. साल १९८६. मुलगी आठवीत, गणितात वर्गात पहिली. वाडीवरून चार किलोमीटर चालत यायची. दिवाळीनंतर वडील दाखला न्यायला आले. लग्न ठरलं होतं. मुलीचं वय अठरा हवं हा कायदा १९७८ पासून होता, तो मला माहीत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कशाला गावाशी वैर?" मी लिहिलं, 'पालकांची इच्छा'.

सतरा वर्षांनी ती दाखल्याची दुसरी प्रत मागायला आली. अंगणवाडीत जागा निघाली होती. सेविकेला दहावी लागत होती. हिची सातवी, म्हणून मदतनिशीसाठी अर्ज. तिनं दाखला उभ्याउभ्याच वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "खरं तरी लिहायचं होतं, बाई."

मैत्रिणींनो, हे मी स्मरणिकेत लिहिलं. समितीनं ते पान गाळलं. म्हणून इथं सांगते आहे.

आज मुलींना फी नाही, एस.टी.चा पास मोफत आहे. पण ज्या वाडीला एस.टी.च जात नाही, तिथं पासाचं काय करायचं? शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. नववीच्या उंबऱ्यावर मुलगी पुन्हा घरच्यांच्या मर्जीवर.

तेव्हा आपापल्या गावच्या हायस्कुलात जा. एकट्यानं नको, गटानं जा. आठवीत किती मुली होत्या आणि त्यांतल्या किती दहावीच्या परीक्षेला बसल्या, एवढंच विचारा. गळालेल्या मुलींच्या घरी जा. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, ते स्वतः पाहा. शाळा सुटल्यावर वाडीची गाडी मिळते का, विचारा. नसेल तर आगारप्रमुखाला अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या.

शाळा व्यवस्थापन समितीवर आपल्यातल्या कुणी असतील, तर त्यांनी पुढच्या बैठकीत हे रजिस्टर मागावं. त्या शेवटच्या रकान्यात खरं कारण लिहिलं जाऊ लागलं, की ते पुसायचं कसं हेही आपल्याला कळेल.