कुत्र्याचा घरगुती खाऊ

नामदेवांची एक कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें पोळी पळविली, तेव्हां काठी न उगारतां महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. कोरडी पोळी त्या जिवाच्या घशाखालीं कशी उतरेल, एवढीच त्यांना चिंता. ज्या घरीं कुत्रा पाळलेला आहे, त्या घरांत ही माया आजहि पाहावयास मिळते. भावना थोर आहे. मात्र तुपाविषयीं वैद्यकाचें मत निराळें आहे. एकाच वेळीं पुष्कळ स्निग्ध पदार्थ पोटांत गेल्यास कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येऊं शकते, आणि हा विकार प्रसंगीं प्राणावर बेततो. तेव्हां माया नामदेवांची असावी. परंतु वाटी पुढें करण्यापूर्वीं तींत काय आहे हें पाहावें.

कुत्र्याचें बिस्किट ही वस्तु तशी अर्वाचीन. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तीं इंग्लंडांत विकावयास आरंभ केला, व पुढें हा धंदा जगभर पसरला. २००७ सालीं मात्र उत्तर अमेरिकेंत या विश्वासास मोठा तडा गेला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या सत्त्वांत मेलामाइन नांवाचें रसायन मिसळलेलें निघालें. तें घातलेलें खाद्य खाऊन अनेक कुत्रीं व मांजरें मूत्रपिंडाच्या विकारानें दगावलीं आणि बाजारांतून पुष्कळ माल परत घ्यावा लागला. असे प्रकार कानीं आले म्हणजे खाऊ घरींच करावा, असें वाटणें साहजिक आहे. पण ‘घरचें’ म्हणजे ‘निर्धोक’ हें समीकरण खरें नव्हे. घरांतील ज्या डब्यांतून मुलांना खाऊ मिळतो, त्यांपैकीं कांहीं डबे कुत्र्यासाठीं विषाचे आहेत.

पहिला डबा बेदाण्यांचा. सांगली-तासगांवचा बेदाणा शिऱ्यांत पडला म्हणजे माणसांस आनंद होतो; कुत्र्याचें मूत्रपिंड मात्र त्यानें निकामी होऊं शकतें. कोणत्या कुत्र्यास किती बेदाणे बाधतील, याचें निश्चित प्रमाण सांगतां येत नाहीं. म्हणून एकहि देऊं नये. द्राक्षांतील टार्टरिक आम्ल याला कारण असावें, असें अलीकडे मानतात. तेंच आम्ल चिंचेंत असल्यामुळें चिंचगुळाची आमटीहि भाकरीवर ओतूं नये. दुसरी वस्तु कांदा व लसूण. कच्चा असो, शिजलेला असो वा मसाल्यांत पूड होऊन आलेला असो, त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. तिसरी चॉकलेट, त्यांतील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें आणि हृदयाची गति बिघडवितें. चौथी वस्तु झायलिटॉल. मधुमेह्यांच्या मिठाईंत व शेंगदाण्याच्या कांहीं तयार लोण्यांत हा गोडवा असतो. तो पोटांत गेल्यावर अर्ध्या तासांतहि कुत्र्याच्या रक्तांतील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरूं शकते. यांपैकीं कांहीं चुकून खाल्लें गेलें, तर लक्षणांची वाट न पाहतां, वेष्टण बरोबर घेऊन पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकविण्याचा घरगुती उपाय करूं नये. तें मीठच नवें विष ठरतें.

आतां देण्याजोगें काय, तें पाहूं जातां स्वयंपाकघर कांहीं रिकामें नाहीं. लांडग्याच्या मानानें कुत्र्यास पिठूळ अन्न पुष्कळ चांगलें पचतें. स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्याच्या अंगीं लांडग्याहून कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उंबरठ्यावर हजारों वर्षें काढल्याची ही खूणच म्हणावयाची.

तेव्हां १५० ग्रॅम कणीक व १०० ग्रॅम ज्वारीचें पीठ घ्यावें. सालबिया काढून वाफविलेला व कुसकरलेला लाल भोपळा १०० ग्रॅम आणि एक अंडें त्यांत घालून घट्ट मळावें. लागल्यास पाण्याचा हात लावावा. मीठ, साखर, गूळ, तूप, मसाला यांपैकीं कांहीं नको. अर्धा तास झांकून ठेवल्यावर अर्धा सेंटिमीटर जाड लाटून दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडावे. असे सुमारें पावणेदोनशें तुकडे होतात. ओव्हनमध्यें १७० अंशांवर पंचवीस मिनिटें भाजून, आंच बंद करून ते आंतच निवूं द्यावे, म्हणजे कुरकुरीत होतात. ओव्हन नसेल, तर जाड तव्यावर मंद आंचेनें दोन्ही बाजूंनीं भाजावे. ओलावा राहिल्यास पावसाळ्यांत बुरशी लवकर धरते आणि बुरशी लागलेला खाऊ विषारी होऊं शकतो. म्हणून पूर्ण निवल्यावरच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून फ्रीजमध्यें ठेवावे व आठवड्याच्या आंत संपवावे. ज्या कुत्र्यास गहूं किंवा अंडें सोसत नाहीं, जो मधुमेहानें वा मूत्रपिंडाच्या विकारानें आजारी आहे, त्याच्यासाठीं आधीं पशुवैद्यास विचारावें.

शेवटचा प्रश्न मापाचा, आणि तोच सर्वांत अवघड; कारण समोर दोन आर्जवी डोळे असतात. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं दहावा हिस्साच खाऊचा असावा, असा पशुवैद्यांचा दंडक आहे. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला सुमारें सहाशें उष्मांक पुरतात; वरील तुकड्यांत प्रत्येकीं पांच-सहा येतात. म्हणजे दिवसाला दहा तुकडे झाले कीं हात आंखडावा, व तेवढें रोजचें जेवण कमी करावें. घरांत चार माणसें असलीं आणि प्रत्येकानें लपून दहा-दहा दिले, तर दंडक मोडलाच. याकरितां सकाळींच दहा तुकडे एका वाटींत काढून ठेवावे. वाटी रिकामी झाली कीं त्या दिवसाचा खाऊ संपला.

हा कठोरपणा नव्हे. अमेरिकेंत लॅब्रडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना जोडीदारांहून पाव हिस्सा कमी अन्न दिलें, तीं कुत्रीं मध्यमानानें जवळजवळ दोन वर्षें अधिक जगलीं, आणि त्यांना सांधेदुखीहि उशिरां जडली. बारा-तेरा वर्षांच्या आयुष्यांत दोन वर्षें म्हणजे थोडी नव्हेत. कुत्रा तुकड्याचें वजन करीत नाहीं. आपल्याला बोलावून, नांव घेऊन, हातानें कांहीं दिलें, एवढेंच तो जाणतो. एका तुकड्याचे चार करून चार वेळां हांक मारली, तर तो चारहि वेळां शेपूट हलवीत येतो.