मधुमेह, विमा आणि खरे माप
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही आणि विमा प्रतिनिधीही नाही. बी. कॉम. होऊन घरच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तरीही विश्वस्तांनी आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली, याचे कारण एवढेच की वीस वर्षांपासून मधुमेह माझ्या सोबतीला आहे आणि त्याचा एक धडा मला फार महाग पडला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिवसभर बैठक, सणावाराचे गोडधोड आणि चालणे म्हणाल तर घर ते दुकान, असे जीवन असलेल्या आपल्या व्यापारी समाजाने हे आकडे परक्यांचे समजू नयेत.

२०१० साली मी कुटुंबाचा आरोग्य विमा घेतला. अर्जात ‘मधुमेह आहे काय?’ असा स्पष्ट प्रश्न होता. प्रतिनिधी म्हणाले, “शेठजी, एका गोळीचा मधुमेह तो काय आजार?” त्यांनी ‘नाही’ लिहिले आणि मी सही केली. हप्ता कमी बसला याचे मनोमन समाधानही वाटले.

२०१२ च्या दिवाळीच्या तोंडावर ताग्याची एक टाचणी माझ्या तळपायात रुतली. मधुमेहाने पायाची संवेदना मंदावली होती, त्यामुळे वेदना जाणवलीच नाही. चौथ्या दिवशी पाय सुजला, ताप भरला आणि मला नांदेडला हलवावे लागले. पायाचे एक बोट गमवावे लागले. बिल झाले एक लाख अडतीस हजार. कंपनीने जुने कागद मागितले. २००६ सालच्या चिठ्ठीवर मधुमेहाची नोंद होती. दावा फेटाळला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली. दिवाळीचा माल भरण्यासाठी ठेवलेले भांडवल रुग्णालयाच्या खिडकीवर मोजताना घरच्यांचे चेहरे मला बघवेनात.

प्रथम कंपनीचा राग आला, मग प्रतिनिधीचा. परंतु सही कोणाची होती? गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना ‘मापात पाप नको’ असे वडिलांनी शिकवले होते. आपल्या शास्त्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लिहिणे, स्पष्ट सांगितले आहे. गज खरा ठेवणाऱ्या माझ्या हातून अर्ज मात्र खोटा लिहिला गेला होता.

पुढच्या वर्षी मी नवा अर्ज भरला. मधुमेह, रोजच्या गोळ्या, गमावलेले बोट, सारे लिहिले. हप्ता वाढला, चार वर्षे थांबावे लागले. मात्र २०२१ साली अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा किरकोळ वस्तूंचा खर्च वगळता सारी रक्कम विम्यातून भागली. वाढीव हप्त्याचे सार्थक झाले.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर मधुमेहाची दोन खाती असतात. पहिले रोजच्या खर्चाचे. गोळ्या, रक्ततपासणी, डॉक्टरांची फी यांचे पैसे सर्वसाधारण आरोग्य विमा देत नाही. तेथे काटकसर आपणच करायची. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिनसारखी औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करावी, डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि रोज रात्री तळपाय न्याहाळावेत. पर्युषणात उपवास करणाऱ्या मधुमेही बंधू-भगिनींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतते. ऊनोदरी हेही तपच आहे.

दुसरे खाते अकस्मात संकटाचे, त्यासाठी विमा. एप्रिल २०२४ पासून नियम ग्राहकाला अधिक अनुकूल झाले आहेत. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. म्हणून पॉलिसीत खंड पडू देऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटीही हटला आहे. साध्या गरजेसाठी ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांची समान अटींची पॉलिसी आहे. तिच्यात दाव्याचा ५ टक्के भाग आपण सोसायचा असतो.

ज्यांना हप्ता झेपत नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात संलग्न रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. हे कार्ड काढण्यात कमीपणा मानू नये. खरा दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

विश्वस्तांना एक विनंती आहे. दरवर्षी १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, आपल्या भवनात सर्व गावासाठी साखर तपासणी व्हावी आणि विम्याचे अर्ज भरून देण्यासाठी दोन जाणते युवक बसावेत. अर्जातील प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा आणि खरे तेच लिहावे. त्या दिवशी त्या टेबलाजवळ बसण्यास मी तयार आहे. कोणी ‘एका गोळीचा मधुमेह’ म्हणाले, तर मी माझा पाय दाखवीन.