खोटे मित्र

इंदुरास नव्याने गेलेला मराठी मनुष्य ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून क्षणभर दचकतो. फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजाची अशी फसगत पदोपदी होते. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून फ्रेंच शब्द इंग्रजीच्या घरी नांदू लागले. पण तेथे त्यांचे स्वभाव पालटले. फ्रेंच ‘दमांदे’ म्हणजे नुसते विचारणे. इंग्रजीतील ‘डिमांड’ला मात्र न्यायालयातल्या हक्काच्या मागणीमुळे दरडावणीचा सूर चढला. म्हणून फ्रेंच माणसाची साधी विनंती इंग्रजाला हुकूम भासते.

‘ब्लेसे’ची गोष्ट निराळी. अपघाताच्या वृत्तात हा शब्द दिसताच नवशिका ‘आशीर्वाद लाभलेला’ असा अर्थ करतो. तो बिचारा असतो जखमी! येथे तर नातेही नाही. इंग्रजी ‘ब्लेस’ मूळच्या रक्तवाचक शब्दापासून निघाला, फ्रेंच शब्द फ्रँक लोकांच्या बोलीतून आला.

केसलेर आणि देरोकिन्यी यांनी १९२८ सालच्या आपल्या ग्रंथात अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ म्हटले. मला हे नाव थोडे अन्यायाचे वाटते. नवशिक्याची घाई त्यात झाकली जाते. ग्रंथालय समजून ‘लिब्रेरी’त शिरणाऱ्याला पुस्तक मिळतेच, पण विकत, कारण ते असते पुस्तकांचे दुकान.