खडकावरील घर

येशू ख्रिस्तानें पेरणी, खमीर, हरवलेलें मेंढरूं अशा नित्याच्या गोष्टींतून श्रद्धेचे धडे दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत एकजण खडकावर घर बांधतो, दुसरा वाळूवर. पूर येतो आणि वाळूवरचें कोसळतें.

हा दृष्टान्त लोहारा तालुक्यांत सांगणाऱ्यानें मात्र जपून बोलावें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपांत येथील सास्तूर गांवचीं माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. घरें जाड दगडी भिंतींचीं होतीं. पण दगड मातींत रचलेले आणि माथ्यावर माळवदाचें ओझें. मग मेलेले का अधिक पापी होते? शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां हाच प्रश्न येशूनें स्वतः काढला आणि त्याचें उत्तर नकारार्थी दिलें. लूकाच्या तेराव्या अध्यायांत तें आहे.

दृष्टान्ताचा रोख निराळा आहे. वचन दोघेही ऐकतात. शहाणा तो, जो ऐकून तसें करतो. भूकंपानंतर, भिंतींत आरपार दगड घालून व वर काँक्रीटचा पट्टा बांधून घर बळकट करण्याची रीत या भागांत शिकविण्यांत आली. ती नुसती ऐकल्यानें भिंत सांधत नाहीं. ज्याला तो खर्च झेपत नाहीं, त्याला दोष देतां येत नाहीं. तेथें परीक्षा शेजाऱ्याची होते. रविवारीं उपासनेंत ऐकलेली शेजारप्रीति सोमवारीं त्याच्या कच्च्या भिंतीला हात लावीत नसेल, तर ती वाळूच होय.