नारळ उभा राहतो, पण पाणी कुठंय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तू सॉफ्टवेअरवाला माणूस, तुला हे चमत्कार-बिमत्कार तपासायचं वेड कुठून लागलं? तर आज तेच सांगतो. गोष्ट घरातलीच आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करतो, फसणाऱ्यांत मी स्वतः पहिला होतो.

आमचं मूळ गाव मराठवाड्यात. बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत गावी गेलो होतो. काकांच्या शेतात बोअर मारायची होती, म्हणून पाणाड्याला बोलावलं होतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आबा तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे आणि पाण्याच्या जागी नारळ उभा राहायचा. नाहीतर मग बेचक्यासारखी कडुलिंबाची ओली फांदी दोन्ही हातांत धरायची. मी हट्ट केला म्हणून त्यांनी फांदी माझ्या हातात दिली. बांधाजवळ आलो आणि ती फांदी खाली वळली. मी वळवली नव्हती, शपथ घेऊन सांगतो. अंगावर काटा आला होता. पुढची चार-पाच वर्षं हॉस्टेलवर मी हा किस्सा सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "विज्ञानाला सगळंच कळतं असं नाही."

त्या जागेवर ३८० फूट बोअर मारली. नुसता फुफाटा उडाला. दोन वर्षांनी दुसरी, तीही कोरडी. तिसरीला दीड इंच पाणी लागलं, ते मार्चपर्यंत टिकलं. तिन्ही मिळून पावणेदोन लाख गेले, त्यातले लाखभर व्याजाने काढलेले. आणि गावात काय बोललं जायचं? "आबांनी दाखवलेल्या तिसऱ्या बोअरला पाणी लागलं." पहिल्या दोन कुणी मोजल्याच नाहीत. त्या काकांच्या नशिबाच्या खात्यात जमा.

नोकरीला लागल्यावर हे मला खटकायला लागलं. आमच्या कामात एखादा बदल केला आणि ॲप वेगाने चाललं, तर लगेच श्रेय घेता येत नाही. पहिला प्रश्न येतो, बदल न करता किती वेगाने चाललं असतं? तसंच इथे विचारायला हवं होतं, की पाणाड्याला न बोलावता, डोळे मिटून बोअर मारली असती तर पाणी लागलं असतं का?

आता आपल्या जमिनीचं बघा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. हा लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा खडक. जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, "झरा इथून तिथे जातो", असं आपण ऐकतो, ते चित्र इथे बरोबर नाही. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. पाऊस बरा झाला आणि मुरमाचा थर जाड असला, तर पुष्कळ ठिकाणी कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतं. अशा गावात पाणाड्या बरोबर ठरणारच. थर पातळ, खाली अखंड कातळ, असं असेल तर तो चुकणार. आमचं गाव दुसऱ्या प्रकारातलं.

पण मग फांदी का वळली? माझा तर अनुभव होता ना!

याचं उत्तर फार जुनं आहे. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं की मनात एखादी अपेक्षा असली, की स्नायू आपल्या नकळत बारीक हालचाल करतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेने ते दाखवून दिलं. तेव्हा लंडनमध्ये टेबलाभोवती हात ठेवून बसायचं आणि आत्मे टेबल फिरवतात म्हणायचं, अशी टूम होती. फॅरडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे सरकणारे थर ठेवले. आत्मा टेबल फिरवत असेल तर टेबल आधी सरकेल, हात मागून जातील. झालं उलटं, हात आधी सरकत होते. बसलेली माणसं लबाड नव्हती, त्यांना खरंच पत्ता नव्हता. आणि हात सरकला की दाखवणारी काडी त्यांच्या नजरेसमोर ठेवल्यावर टेबल फिरायचं थांबलं.

बेचक्याची फांदी आपण ताणून धरतो. ती अशा तोलावर असते की मनगट जरासं फिरलं तरी टोक झपकन वळतं. नारळाचंही तसंच, तळवा किंचित कलला की झालं. बांधाजवळ हिरवळ जास्त होती आणि माझ्या डोळ्यांनी ती आधीच टिपली होती.

हे वाचून मी गावी गेलो आणि आगाऊपणा केला. आबांना म्हणालो, "आबा, हे खोटं आहे." आबा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, तीस वर्षं झाली हे करतोय. गरिबाकडून कधी नारळाच्या वर काही घेतलं नाही. खोटं कशाला करू?" मी गप्प झालो. कारण ते खरंच खोटारडे नव्हते. मग मी म्हणालो, "तर मग आपण दोघं मिळून तपासू. नियम तुम्ही सांगा."

आबांच्या संमतीने ठरलं ते असं. अंगणात पाच पुठ्ठ्याचे खोके उपडे ठेवायचे. एकाखाली पाण्याचा वीस लिटरचा जार, बाकी चार रिकामे. कुठल्या खोक्याखाली जार ठेवायचा, हे चिठ्ठी काढून ठरवायचं. चुलतभावाने जार ठेवून निघून जायचं आणि मग आबा आणि मी यायचं. म्हणजे जार कुठे आहे हे मलाही ठाऊक नाही, माझ्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. असं वीस वेळा करायचं. नुसत्या अंदाजाने वीसात चार बरोबर येतील. दहा किंवा जास्त आले तर आबा जिंकले, कारण नशिबाने एवढे यायची शक्यता हजारात दोन-तीनच. आकडा आधी ठरवून कागदावर लिहिला, हे महत्त्वाचं. नंतर ठरवला तर मन हवं तिकडे ओढून नेतं.

आधी खोके उघडे ठेवून पाच फेऱ्या केल्या. पाचही वेळा नारळ जारवरच उभा राहिला. आबा म्हणाले, "बघ, आज हात चालतोय." मग झाकून वीस फेऱ्या. बरोबर आल्या पाच.

अंगणात कुणी बोललं नाही. मला वाटलं होतं जिंकल्याचा आनंद होईल. तसं काही झालं नाही. आबा बराच वेळ नारळाकडे बघत बसले, मग म्हणाले, "हे साठवलेलं पाणी आहे. मला वाहतं पाणी कळतं."

हा आक्षेप रास्त होता, आणि त्याचीही परीक्षा होऊन गेलेली आहे. जर्मनीत कासेल इथे सुमारे ३० पाणाड्यांची चाचणी झाली. मैदानात अर्धा मीटर खोल नळ पुरला, त्याची जागा वर पट्टीने दाखवली. सांगायचं एवढंच, की आत्ता नळातून पाणी वाहतंय की बंद आहे? चाचणी योग्य आहे असं सगळ्यांनी आधी लिहून दिलं होतं आणि शंभर टक्के यशाची खात्रीही दिली होती. निकाल छापा-काट्याइतकाच आला.

कुणी म्हणेल, गरीब माणसाचा नारळ, जाऊ दे ना. पण हाताची हीच नकळत हालचाल वापरून एका ब्रिटिश माणसाने 'एडीई ६५१' नावाचं बॉम्ब शोधायचं यंत्र विकलं. मुठीवर सैल फिरणारी अँटेना, आत काम करणारं काहीच नाही. इराकमधल्या तपासणी नाक्यांवर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत होते. २०१३ मध्ये त्या विक्रेत्याला १० वर्षांची शिक्षा झाली. यंत्र हातात धरणारे सैनिकही प्रामाणिकच होते, आबांसारखे. प्रामाणिकपणा हा पुरावा नसतो, मला शिकायला मिळालं ते एवढंच.

मग काकांचं काय झालं? ते चौथ्या बोअरसाठी सोनं गहाण ठेवायच्या बेतात होते. मी म्हणालो, "काका, एकदा भूजलवाल्यांना तरी विचारा." भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. भूवैज्ञानिक आसपासच्या विहिरींची पातळी, जमिनीचा उतार, खडकाचे थर बघतात. जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतात, कारण ओला, भेगाळलेला खडक आणि कोरडा कातळ यांचा विरोध वेगळा येतो. आमच्याकडे आलेल्या साहेबांनी खात्री दिली नाही. ते म्हणाले, "इथे खाली कातळ आहे, आशा कमी. मी तुमच्या जागी असतो तर बोअर मारली नसती."

काका चिडले. "आबा निदान जागा तरी दाखवतात," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. ज्याला पाणी हवंय त्याला 'नाही' हे उत्तर नको असतं. पण महिनाभराने काकूंनीच विषय बंद केला. म्हणाल्या, "तीनदा 'हो' ऐकून काय मिळालं? आता एकदा 'नाही' ऐकून बघू." सोनं घरातच राहिलं. त्या वर्षी ऊस नाही, तूर लावली.

आबा अजून नारळ घेऊन जातात. मी गेलो की चहाला बोलावतात. गेल्या खेपेला मला म्हणाले, "आता मी लोकांना सांगतो, भूजलवाल्यांनाही विचारा." मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या घरात असा कुठला दावा असेल, तर माणसाला खोटं ठरवायच्या आधी तीन गोष्टी विचारा. चुकलेल्या वेळा कुणी मोजल्या का? हे न करता काय झालं असतं? आणि झाकून तपासलं तर चालतं का? आधी हे प्रश्न स्वतःच्या आवडत्या किश्शाला विचारा. माझा फांदीचा किस्सा तिथेच संपला.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या आणि विचारत राहा.