जलशीर्ष बालके आणि आपले कर्तव्य



मी डॉक्टर नाही, साधा शिक्षक आहे. तरीही आज एका आजाराविषयी बोलणार आहे, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली.

माझ्या वर्गातील एक मुलगा डोके दुखते, मळमळते म्हणून वारंवार सुटी मागत असे. गृहपाठ टाळण्याची सबब समजून मी त्याला रागावलो. दुसऱ्या दिवशी त्याला गुंगी आली आणि नागपूरला न्यावे लागले. त्याला जन्मापासून जलशीर्ष होते व लहानपणी बसवलेली नळी तुंबली होती. नळी बदलली, मुलगा वाचला. लोक नावे ठेवतील म्हणून घरच्यांनी शाळेला काहीच सांगितले नव्हते.

मेंदूच्या पोकळ्यांत पाणी सतत तयार होते आणि रक्तात शोषले जाते. ही वाट अडली की पाणी साचते. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्याने डोके वाढत जाते. हा नजरेचा किंवा ग्रहणाचा दोष नव्हे. दुवा जरूर मागा, पण दवेला उशीर करू नका. दाबाने मेंदूचे झालेले नुकसान पुरते भरून येत नाही.

उपाय म्हणजे शंट. ही बारीक नळी कातडीखालून पोटात सोडतात. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारा छाब्रा शंट स्वस्त आहे. युगांडातील १९५ मुलांच्या २००५ सालच्या अभ्यासात तो महागड्या परदेशी शंटइतकाच उपयोगी ठरला. वेळेवर उपचार झालेली अनेक मुले सर्वसाधारण शाळेत शिकतात. मात्र नळी पुन्हा तुंबू शकते. डोकेदुखी, उलटी, गुंगी दिसताच रुग्णालय गाठावे.

मातांनो, बाळाची टाळू भरता तेव्हा टेपही लावा. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे ३३ ते ३५ सें.मी. असतो व पहिले तीन महिने दरमहा सुमारे २ सें.मी. वाढतो. तो झपाट्याने वाढला, टाळू फुगली किंवा डोळे खाली झुकले, तर थांबू नका. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० कि.मी. आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिडची गोळी घेतल्यास, ज्या मणक्याच्या दोषासोबत जलशीर्ष पुष्कळदा येते, तो बराच टळतो.

पालकांनो, आजार लपवू नका. शिक्षकांनो, ऐकून घ्या. विद्यार्थ्यांनो, अशा सोबत्याला चिडवू नका. एवढे झाले तरी माझ्या चुकीचे थोडे परिमार्जन होईल.