आजारी पडण्याआधी कार्ड काढा

मी फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस. आपल्या धाराशिव जिल्ह्यात दोन माजी सैनिक भेटले, की गप्पा पेन्शनवरून गुडघ्यांवर येतात. मी विचारतो, ‘ईसीएचएसचं कार्ड काढलं का?’ उत्तर ठरलेलं, ‘आजारी पडल्यावर बघू.’

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. पेन्शनधारक सैनिक, त्याची पत्नी आणि नियमात बसणारे आश्रित यांना पॉलिक्लिनिकमध्ये औषधोपचार मिळतात. तिथून चिठ्ठी घेऊन संलग्न खासगी रुग्णालयातही जाता येतं. वर्गणी एकदाच. २०१७ अखेरच्या दरानुसार हवालदारापर्यंत ३०,००० रुपये. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना तीही माफ.

योजना सुरू होण्याआधी निवृत्त झालेल्यांपुढे दुसरा पर्याय आहे, महिन्याच्या वैद्यकीय भत्त्याचा. २०१७ पासून तो हजार रुपये आहे. पुष्कळांना हे रोख हजार गोड वाटतात. माझ्या मते हा तोट्याचा सौदा. हृदयाच्या एका शस्त्रक्रियेत अशा कित्येक वर्षांचे हजार जातात.

खरी अडचण पैशाची नाही, नावाची आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली जुनी रीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, फौजेच्या कागदात नवऱ्यानं सांगितलेलं सासरचं, आणि आधारवर तिसरंच, गल्लीत हाक मारतात ते. जन्मतारीख तर गुरुजींनी घातलेली १ जून! कागद जुळेनात, की अर्ज परत. फौजेच्या कागदातली दुरुस्ती तहसिलीत होत नाही. प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचा बेळगावला, महार रेजिमेंटवाल्यांचा मध्य प्रदेशातल्या सागरला. याला वेळ लागतो. नवरा हयात असेपर्यंत हे काम निदान दोघांचं असतं. पुढे कुटुंब निवृत्तिवेतनालाही तेच नाव लागतं, आणि तेव्हा खेटे एकट्या बाईला घालावे लागतात.

परंड्याहून किंवा उमरग्याहून जिल्ह्याच्या गावी यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरं. म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांची आधार कार्डं सगळं एकदाच घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. कार्डाचा अर्ज आता ऑनलाइन असतो. तो भरण्याआधी कागद तिथं ताडून घ्यावेत.

आणखी एक. अचानक छातीत दुखलं आणि संलग्न नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर घरच्यांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. बिल आधी आपण भरायचं, परतावा नंतर, तोही सरकारी दरानं. म्हणून पॉलिक्लिनिकचा फोन नंबर मोबाइलमध्ये नको, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.